हरेश्वरमामाच्या रेघा

हरेश्वरमामा दर महिन्याला नेलपॉलिशची एक बाटली विकत घेतात.

वय एकसष्ट-बासष्ट. अंगावर ग्रीसचे डाग पडलेला बुशशर्ट, कानामागे खडू, पायात झिजून कागद झालेली चप्पल. हा माणूस बोईसरच्या स्टेशन रोडवरच्या कटलरीच्या दुकानात येतो, सहा-सात बाटल्या काढायला लावतो, एकेक बाटली दुकानाच्या दारात उन्हात नेऊन बघतो, पुन्हा आत येतो, डोकं खाजवतो आणि दहा मिनिटांनी एक निवडतो. मी हे स्वतःच्या डोळ्यांनी बघितलंय. आमच्या सौभाग्यवती आत टिकल्या आणि सेफ्टी पिना घेत होत्या आणि मी भाजीची पिशवी धरून बाहेर उभा होतो.

आता तुम्ही म्हणाल, घेत असेल बायकोसाठी नाहीतर नातीसाठी, तुमच्या पोटात का दुखतंय? माझ्या पोटात काही दुखत नाही. पण संशय हा माझा धंदा आहे. कऱ्हाडकडून इकडे आलो तेव्हापासून बावीस वर्षं तारापूर एमआयडीसीत एका कारखान्याच्या गेटवर आहे, आता सिक्युरिटी सुपरवायझर आहे. माणसं बाहेर जाताना डबे उघडून बघायचे, पिशव्या झटकायच्या, सेकंड शिफ्टवाल्यांच्या तोंडाचा वास घ्यायचा, ट्रकच्या सीलचा नंबर ताडून बघायचा. सील तुटलं की माल गेला, एवढं एकच शास्त्र मला येतं. देवळात गेलो तरी माझं आधी लक्ष जातं घंटेकडे, की कशाला बांधलीय आणि कुणी नेली तर कळेल का.

त्यामुळे मी दुकानदाराला विचारलंच. तो म्हणाला, "हर महीने आते हैं, साहब. किसके लिए, मैंने पूछा नहीं." मी असतो तर पहिल्या महिन्यातच विचारलं असतं. पण तेव्हा मला त्या माणसाचं नावही ठाऊक नव्हतं, म्हणून विषय तिथंच राहिला.

तो विषय पुन्हा निघाला आमच्या ताटावर. आमची ऋतुजा पालघरच्या कॉलेजात मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे. तिथली पोरं दरवर्षी मिळून रेसची गाडी बनवतात आणि दूर कुठंतरी सगळ्या कॉलेजांची स्पर्धा असते तिथं नेऊन पळवतात. एवढं मला माहीत होतं. त्या दिवशी पोहे खाताखाता कन्येनं सहज सांगितलं की यंदा गाडी ती चालवणार. तिची आई म्हणाली, सावकाश चालव. मी म्हणालो, आधी मला सांग, गाडी बांधतंय कोण?

"कुंभवलीत एक मामा आहेत पप्पा, हरेश्वरमामा. इंजिन बसवण्यात त्यांच्यासारखा माणूस नाही. प्रत्येक बोल्टवर नेलपॉलिश लावतात."

मी पोह्यांची बशी खाली ठेवली. माझी एकुलती एक पोरगी जमिनीपासून चार बोटं उंच बसणार, तिच्या पाठीला खेटून इंजिन असणार, आणि ते इंजिन बसवणारा माणूस तो, उन्हात नेलपॉलिश बघणारा. रविवारी मी कुंभवली गाठली.

तिथं एका कारखान्याच्या मागच्या भिंतीला लागून पत्र्याची शेड, शेडच्या मागं दोन खोल्यांचं कौलारू घर, मधे एक दार. मामांनी मला बघितलं आणि म्हणाले, "हललं का काय?"

मला वाटलं, काय हललं? नंतर कळलं की हा त्यांचा नमस्कार. लोक विचारतात कसं काय, बरं आहे का, तसं हे विचारतात हललं का. नाही म्हटलं की खूश होतात.

रेघा मात्र सगळीकडं होत्या. नट घट्ट केला की त्याच्यावरून खालच्या पट्टीवर एक रेघ ओढायची. नट जरा जरी फिरला तरी रेघ तुटते, म्हणजे बघताक्षणी कळतं. ही रीत कारखान्यात असते, मी बघितलेली आहे. पण मामांच्या घरी ती गॅसच्या सिलिंडरवर होती, नळावर होती, पंख्यावर होती, स्कूटरच्या चाकावर होती आणि लोणच्याच्या बरणीच्या झाकणावरसुद्धा होती. लोणचं कोण चोरणार, असं मी विचारलं. मामा म्हणाले, चोरायचं नाय सायेब, झाकण ढिलं राहिलं तर बुरशी येते. सीलवाला माणूस म्हणून मला हे मनातून पटलं. आणि पटलं म्हणून मी जास्तच सावध झालो.

मामांचा कशावरच विश्वास नाही. रिक्षात बसायच्या आधी ते मागं जाऊन इंजिनावर तळहात ठेवतात आणि पसंत पडलं नाही तर चालत जातात. बेटेगावच्या एका लग्नात त्यांनी ऐन अक्षतांच्या वेळी जनरेटर बंद केला होता, कारण त्याच्याखालचं रबर कुजलं होतं. अंधारात मंगलाष्टकं झाली. नवरीचे काका त्यांना मारायला धावले, तर मामा त्यांनाच रबर दाखवत बसले. रबरावर त्यांचा विशेष राग. "रबर खोटं बोलतं," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. खाली काहीतरी मोडायला आलेलं असतं आणि रबर वरून सगळं ठीक आहे असं दाखवतं, असं त्यांचं म्हणणं.

रेसच्या गाडीचं त्यांना कौतुक होतं ते एवढ्यासाठीच. मला त्यांनी स्टुलावर बसवून समजावून सांगितलं. आपल्या रोजच्या गाडीत इंजिन हा पाहुणा असतो. त्याला रबराच्या गादीवर बसवतात, म्हणजे तो आत कितीही थरथरला तरी बसणाऱ्याला त्रास नको. रेसच्या गाडीत ते लाड नाहीत. तिथं इंजिन सांगाड्याला थेट बोल्टनं जखडायचं, लोखंडाला लोखंड. का? तर वळणावर गाडीचा सांगाडा पिळवटतो, मागची चाकं फिरवणारी चेन वाकडी ओढली जाते. इंजिन जर गादीवर डुलत बसलं तर सगळंच डुलणार. जखडलं तर तेच सांगाड्याला आधार देतं.

"पाहुणा नाय ऱ्हात मंग," मामा म्हणाले. "घरचा खांब होतो."

पण जखडायचं म्हणजे दाबून बसवायचं नाही, ही दुसरी अट. इंजिनाला बाहेर कान असतात, भोकं पाडलेले. सांगाड्यावरची पट्टी त्या कानासमोर बरोबर आली पाहिजे, इतकी की बोल्ट बोटांनी आत गेला पाहिजे. "हातानं गेला पायजे. हातोडी लागली म्हंजे कुठंतरी खोटं हाय." पोरांनी कॉम्प्युटरवर आखून पट्ट्या कापून आणल्या होत्या. वेल्डिंग करताना उष्णतेनं त्या दोन मिलिमीटर सरकल्या. पोरं म्हणाली, काही नाही मामा, बोल्ट आवळला की ओढलं जाईल. मामांनी ग्राइंडर काढला आणि सहाच्या सहा पट्ट्या कापून टाकल्या. मग इंजिन आधी ठोकळ्यांवर ठेवलं, कानात बोल्ट घातले, त्या बोल्टांवर नव्या पट्ट्या लोंबत्या ठेवल्या आणि जिथं त्या आपोआप टेकल्या तिथं वेल्डिंग केलं. चार दिवस गेले. पोरं हवालदिल झाली. मी मनात म्हटलं, हा माणूस वेळ काढतोय.

आणि शेवटी मामांचा कायदा. तो त्यांनी मला तीनदा सांगितला. "ज्यानं आवळलं, त्यानं रेघ मारायची नाय. आवळणाऱ्याला आपलं काम बरोबरच वाटतं. तपासणारा दुसरा पायजे."

मी गेटवरच्या आवाजात विचारलं, "मग तुमच्या रेघा कोण मारतं?"

मामांनी खडू कानामागून काढला, परत कानामागं ठेवला. "हाय एक माणूस," म्हणाले आणि ग्राइंडर सुरू केला.

इथं माझं डोकं फिरलं. कारण मी रेघा जवळून बघितल्या होत्या. एक रेघ धड नव्हती. जाड, लाटेसारखी, मधेच थेंब ओघळलेला. ज्या माणसाची पट्टी केसभर इकडेतिकडे होत नाही त्याच्या कामावर अशी रेघ? माझा पहिला संशय ताडीवर. निघताना मी मामांच्या अगदी तोंडाजवळ जाऊन वास घेतला. खोबरेल तेल आणि ग्रीस, बाकी काही नाही. त्यामुळे संशय फिटण्याऐवजी वाढला.

पुढच्या रविवारी गेलो तर मधल्या दाराआडून बाईचा आवाज आला. मामांनी लगबगीनं दार ओढून घेतलं. मी विचारलं, आत कोण आहे? म्हणाले, रेडिओ हाय. तेवढ्यात रेडिओनं विचारलं, "अवो, च्या टाकू का?" मामा म्हणाले, नको. मी त्यांच्याकडं बघत राहिलो आणि ते इंजिनाकडं.

मी नाक्यावरच्या टपरीवर गेलो. चहावाला म्हणाला, "मामा की औरत? थी तो. कितने साल से दिखी नहीं." झालं. बायको दिसत नाही, आत आवाज मात्र आहे, दार लावलेलं, रेघा कोण मारतं ते सांगत नाही आणि महिन्याला एक नेलपॉलिश. माझा हिशेब पक्का झाला की म्हातारा आत कुणाला तरी ठेवून आहे आणि त्याचं अर्धं लक्ष तिकडं असतं. त्याचं खासगी आयुष्य गेलं खड्ड्यात. पण त्या अर्ध्या लक्षानं आवळलेले सहा बोल्ट माझ्या पोरीच्या पाठीशी असणार होते. मला झोप लागेना. ऋतुजाला सांगितलं तर म्हणाली, पप्पा, तुम्हाला देवळातल्या पुजाऱ्याचापण संशय येतो. तो येतोच, पण ती गोष्ट वेगळी.

स्पर्धेला गाडी सोमवारी निघायची होती. रविवारी दुपारी मी शेडमधे गेलो तेव्हा पोरं वडापाव खायला गेली होती आणि मामा आत जेवायला. गाडी एकटीच उभी. मी नॅपकिनमधे गुंडाळून घरून पाना नेला होता. हो, ठरवूनच नेला होता, खोटं कशाला बोलू.

डाव्या बाजूच्या मागच्या बोल्टवरची रेघ सगळ्यात वाकडी होती. मी पाना लावला आणि जोर केला. हलेना. पान्याच्या मागं तिथलाच एक पाइप घातला आणि पुन्हा जोर केला. बोल्ट आधी फिरला, घट्ट लागला आणि मग एकदम मऊ गेला. मी म्हटलं, बसला एकदाचा जागेवर. ढिला होता म्हणून तर फिरला! म्हाताऱ्याला पकडल्याचा मला इतका आनंद झाला की काय सांगू.

मग लक्षात आलं, रेघ तुटली. बावीस वर्षं ट्रकवाल्यांना सील तोडताना पकडणारा मी, स्वतः सील तोडून उभा होतो. पण चोराला सुचत नाही ते सील तपासणाऱ्याला सुचतं. खिडकीत बाटली होतीच. जुनी रेघ नखानं खरवडली, फुंकर मारली आणि बोल्टवरून पट्टीवर छान नवी रेघ ओढली. बारीक आणि सरळ. सहांमधली तीच एक रेघ बघण्यासारखी होती. मी समाधानानं घरी आलो आणि त्या रात्री मला झोप लागली.

सोमवारी अर्धा दिवस रजा टाकून मी निरोप द्यायला हजर. अकराला टेम्पो आला. मामा म्हणाले, समदी बाहेर व्हा, धा मिनिटं. पोरं निमूट बाहेर गेली. कुठलंही काम शेडबाहेर जायच्या आधी मामा असं करतात म्हणे, दार लावून घेतात, का ते कुणी विचारत नाही. मला कसलं राहवतंय! लघवीच्या निमित्तानं मी मागच्या बाजूला गेलो. तिथं खिडकीला जाळी होती.

मधलं दार उघडलं आणि मामा एका बाईला हाताला धरून घेऊन आले. साठीची बाई, अंगानं बारीक, फुलाफुलांची साडी, डोळे उघडे पण कुठंच न बघणारे. त्यांनी तिला गाडीशी नेलं, पाटावर बसवलं आणि तिचा हात इंजिनावर ठेवला. पुढचं तिनं तिचं केलं. बोटाच्या टोकानं बोल्ट शोधायचा, रेघ शोधायची, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बोट न्यायचं. एक. दोन. तीन. चौथ्यावर बोट गेलं, मागं आलं, पुन्हा गेलं.

"अवो," ती म्हणाली, "ही माझी नाय."

मामा खाली वाकले. "रेघ बरोबर हाय की."

"सरळ हाय," ती म्हणाली. "मला कवा सरळ मारता आली?"

खिडकीच्या जाळीवर माझा हात होता. तो तसाच राहिला.

मामा तिला आत सोडून आले आणि त्यांनी दार उघडलं. चेहरा पांढरा पडला होता. गाडी जायची नाय, म्हणाले. कुणीतरी हात लावलाय, सगळं उघडून बघणार. पोरं धावत इंजिनाकडं गेली, सहाही रेघा बघितल्या, एकही तुटलेली नाही. एक पोरगा तर म्हणाला, मामा, ही रेघ बाकीच्यांपेक्षा चांगली आहे. मामा म्हणाले, तेच तर. पण कसं कळलं ते सांगेनात. टेम्पोवाला हॉर्न मारायला लागला, त्याला पुढं दुसरं भाडं होतं. आज गाडी निघाली नाही तर स्पर्धा गेली, पोरांचं वर्ष गेलं. ऋतुजाच्या डोळ्यांत पाणी आलं, पण आवाज माझ्यावर गेलेला आहे तिचा. "मामा, कारण सांगा. नाहीतर आम्ही गाडी चढवतो. चालवणार मी आहे."

पोरांनी गाडीला हात घातला. मामा इंजिनाच्या आडवे उभे राहिले, दोन्ही हात पसरून. मी खिडकीकडून येऊन पोरांच्या मागं उभा होतो. एवढा वेळ मी मागच्या मागं सटकायचा विचार करत होतो, आता ती सोय नव्हती.

"थांबा," मी म्हणालो. "हात मी लावलाय."

सगळं सांगितलं. नॅपकिन, पाना, पाइप, नवी रेघ, सगळं. ऋतुजा माझ्याकडं बघत होती आणि मला तिच्याकडं बघवेना.  मामांनी पाना न लावताच तो बोल्ट काढला. दोन बोटांनी निघाला. त्याच्याबरोबर इंजिनाच्या भोकातले आटे निघून आले, बोल्टभोवती चांदीच्या तारेसारखे गुंडाळलेले. इंजिन ॲल्युमिनियमचं, मऊ. मी पाइप लावून आतले आटेच उपटले होते. बोल्ट दिसायला जागेवर होता, धरलं मात्र त्यानं काहीच नव्हतं. त्या कानाचा भार बाकीच्यांवर गेला असता आणि वळणावर एकेक कान तडकत गेला असता. हे मामांनी मला नाही सांगितलं, माझ्या मुलीनं सांगितलं, अगदी हळू आवाजात. ओरडली असती तर बरं झालं असतं.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. पोरीला वाचवायला निघालो होतो आणि तिच्या पाठीशी खड्डा मीच खणून ठेवला होता.

मग मला जे येतं ते मी केलं. टेम्पोवाल्याला बाजूला घेतलं, तो रोज आमच्या गेटवरून जातो याची आठवण दिली आणि तो दोन तास थांबायला आनंदानं तयार झाला. मामांनी तेवढ्यात भोक मोठं केलं, नवे आटे पाडले, आत स्टीलच्या तारेचं वेटोळं बसवलं, बोल्ट बोटांनी घातला. हातानं गेला. बाकीचे पाचही उघडून तपासले. जोर मोजणाऱ्या पान्यानं सगळे आवळले, जेवढे हवे तेवढेच.

आता रेघा राहिल्या. मामांनी बाटली हातात घेतली आणि पोरांकडं बघितलं, दाराकडं बघितलं. मी जवळ गेलो. म्हणालो, मामा, मी खिडकीतून बघितलंय.

त्यांचा चेहरा इतका उतरला की मला माझीच शरम वाटली. हळूच म्हणाले, "कुणाला बोलू नका, सायेब. आंधळी बाई चेकिंग करते म्हटल्यावर काम कोण देईल? आन् काम नाय आलं तर ती दिवसभर करणार काय?"

ती मामांचीच बायको. सुमनमामी चौदा वर्षं एका स्विचच्या कारखान्यात चेकिंगला होत्या. कायदा त्यांचाच, आवळणाऱ्यानं रेघ न मारायचा. साखरेनं हळूहळू डोळे गेले, नोकरी सुटली. मामा तेव्हा पंपाच्या कारखान्यात चांगले फिटर होते. त्यांनीही नोकरी सोडली आणि घराला लागून शेड घातली. लोकांना वाटलं, मालक व्हायचंय म्हाताऱ्याला. त्यांना फक्त मामींचं चेकिंग चालू ठेवायचं होतं. लोणच्याच्या बरणीवर रेघ का, ते मला तेव्हा कळलं. काम नसलेल्या दिवशी त्या बरण्या तपासतात.

आम्ही असे कुजबुजत असताना आतून आवाज आला. "अवो, थांबलात कशाला? रेघा राहिल्या ना." आणि मामी आपल्या आपण बाहेर आल्या, भिंतीला हात लावत, सगळ्या पोरांदेखत.  ऋतुजा पुढं झाली, त्यांचा हात धरला, पाटावर बसवलं आणि बाटली उघडून हातात दिली. मामींनी डावं बोट बोल्टावर टेकवलं आणि त्याच्या कडेनं ब्रश ओढला. जाड, वाकडी, एक थेंब ओघळलेला. सहाही रेघा झाल्या. ऋतुजानं पप्पा म्हणून हाक मारली आणि मला त्या रेघा दाखवल्या. "या बघा," एवढंच म्हणाली.

मी बघितल्या. पण माझी नजर मामींच्या बोटांवर अडकली. दहाही नखं रंगवलेली होती, त्याच लाल रंगात. कडेला जराही बाहेर न गेलेली, एकसारखी, केसभर इकडेतिकडे नाही. आंधळ्या बाईला हे जमणार नाही, आणि त्या घरात तसा हात एकाच माणसाचा होता. मी मामांकडं बघितलं. ते पाने पुसत होते, वापरलेले आणि न वापरलेलेही.

गाडी पळाली. नंबर काही आला नाही, शेवटच्या दिवशी ब्रेकनं दगा दिला. पण इंजिन हललं नाही. परत आल्यावर ऋतुजा आधी कुंभवलीला गेली, मग घरी आली.

हे सगळं मी आता लिहितोय ते मामींना विचारून. त्या म्हणाल्या, लिवा की, काम कमी आलं तर तुमच्या गेटवरचे डबे तपासायला येईन.

गेल्या आठवड्यात स्टेशन रोडवरून जात होतो तर मामा कटलरीच्या दुकानाच्या दारात, हातात तीन बाटल्या. मला बघून म्हणाले, हललं का काय? मी म्हटलं, नाही. आणि इतके दिवस मनात राहिलेलं विचारलं, की मामा, बोल्टाला कुठलाही रंग चालतो, मग उन्हात दहा-दहा मिनिटं काय बघता?

"बोल्टाला चालतो," मामा म्हणाले. "पण घरी गेल्यावर ती इचारते, कुठला आणलाव? नुसतं लाल म्हटलं तर तिला दिसत नाय. कशासारखा ते सांगावं लागतं. जांभळाचा झाला, करवंदाचा झाला, डाळिंबाचा झाला. आता माझे रंग संपले, सायेब." त्यांनी एक बाटली माझ्यापुढं धरली. नारिंगी होती. "हा कुठला म्हणून सांगू?"

मी ती बाटली घेतली आणि दारात उन्हात नेली. दुकानदार माझ्याकडं संशयानं बघायला लागला. मामींचं माहेर केळव्याचं, वाडीतलं, हे मला आता ठाऊक होतं. मी म्हणालो, "पिकल्या सुपारीचा सांगा. झाडावर असते तशी."

मामांनी बाटली परत घेतली, पुन्हा एकदा उन्हात धरून तपासली, आणि मान हलवली.

"बरोबर हाय," ते म्हणाले. "हीच बांधा."